रोवणीच्या बाईला व्यायाम कशाला?

"दिवसभर वाकून रोवणी करते ते बाई, तिले आणखी व्यायाम कायले सांगता जी?"

हा प्रश्न मला एकदा नाही, दहादा ऐकावा लागला आहे. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांच्या तोंडून. प्रश्न वेडगळ नाही. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत त्याचं नीट उत्तर कोणी देत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीने वाचा, आणि घरातल्या आईला, काकूला, मोठ्या बहिणीला वाचून दाखवा.

आधी उत्तर देऊन टाकते. काम म्हणजे व्यायाम नव्हे.

रोवणी करणारी बाई सकाळी बांधीत उतरते. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, पाय घोट्याच्या वर चिखलात, कंबर काटकोनात. रोवत रोवत मागे सरकायचं. ठेका एकरावर असतो, त्यामुळे एकटीला मध्येच थांबता येत नाही. ती थांबली की अख्ख्या गटाची ओळ मोडते. तासन्‌तास कंबर एकाच दिशेला, पुढे. मणक्यामागच्या शिरा-स्नायू ताणलेले, पोटाचे खोल स्नायू जवळजवळ झोपलेले, श्वास वरवरचा. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चुलीपुढे, नळावर, गुंड डोक्यावर. कापणीत तेच, निंदणात तेच, मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचताना तेच, मे महिन्यात तेंदूपत्त्याला तेच. वर्षभरात कंबर मागे कधी वाकते सांगा? फक्त दुखली म्हणून हात ठेवून ताणते तेव्हा.

व्यायाम याच्या अगदी उलट असतो. थोडा वेळ, सगळ्या दिशांना, श्वासासकट, झेपेल तेवढाच, हळूहळू वाढवत. आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं हे आपण ठरवायचं, मुकादमाने नाही. डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं हेच मांडत आहेत: मोकळ्या वेळातली हालचाल हृदयाला फायद्याची, पण पोटासाठी करावे लागणारे जड कष्ट तो फायदा देतीलच असं नाही, कधी उलटंच होतं. कंबरेचं गणित यापेक्षा फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

मी स्वतः शिक्षिका. रोवणी माझ्या आईने केली, मी नाही. माझी कंबर गेली ती दुचाकीने. पंधरा वर्षं रोज खड्ड्यांतून शाळेत जाणं-येणं, त्यात पावसाळ्यातला रस्ता म्हणजे काय ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. चार वर्षं दुखणं होतं. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, पट्टा झाला, गोळ्या झाल्या, कोणीतरी सांगितलं म्हणून एका गावी जाऊन पाठ चोळूनही आले. शेवटी नागपूरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सहा बैठकांत काही हालचाली शिकवल्या. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. जमिनीवर निजून श्वास घ्यायचा आणि टाच सरकवायची, याला व्यायाम म्हणायचं? तिसऱ्या महिन्यात मी वर्गात पूर्ण तास उभी राहू लागले. दुखणं संपलं असं नाही. आजही थंडीत कुरकुर होते. पण ते आता मला चालवत नाही, मी त्याला चालवते.

त्या हालचालींचं नाव पिलाटीज.

नाव ऐकून डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याचे स्टुडिओ येतात. चकचकीत यंत्रं, स्प्रिंगा, रीलमधल्या नट्या. पण याचा जन्म काही श्रीमंतीत झालेला नाही. जोसेफ पिलाटीस हा १८८३ साली जर्मनीत जन्मलेला माणूस. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता, जर्मन म्हणून शत्रूचा नागरिक ठरला आणि आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत कैद झाला. तिथे, कुंपणाआड, त्याने स्वतःची व्यायामपद्धत घडवली. पुढे न्यूयॉर्कला गेला, नर्तक त्याच्याकडे दुखापती घेऊन येऊ लागले. तो आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा, म्हणजे ताब्याची विद्या. जोर काढायचा नाही, ताबा मिळवायचा. त्याच्या मूळ व्यायामांत चांगले अवघड प्रकार आहेत. आज फिजिओथेरपिस्ट दुखण्यासाठी जे वापरतात ते त्याचं मऊ केलेलं रूप.

माझ्या आईला मी ते कासोट्यावरून समजावलं. रोवणीला जाताना लुगड्याचा कासोटा कसा घट्ट मारतात, मग दिवसभर अंग सावरलेलं राहतं. तसाच एक कासोटा पोटाच्या आत आहे. पोटाचे खोल स्नायू, कण्याला लागून असलेले बारीक स्नायू, ओटीपोटाखालचा तळ आणि वर श्वासाचा पडदा. बाळंतपणांनी, कष्टांनी, दुखण्याच्या भीतीने तो सैल पडतो. हे व्यायाम तो पुन्हा बांधायला शिकवतात. आईला लगेच कळलं. मला मात्र फिजिओच्या खोलीतला तक्ता पाहून कळलं नव्हतं.

आता खरं तेच सांगते, कारण यूट्यूबवर विकणारे सांगत नाहीत. पिलाटीज म्हणजे जादू नाही. कंबरदुखीवरच्या अभ्यासांचा कोक्रेनने २०१५ साली आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा पिलाटीज बरं, दुखणंही कमी होतं आणि हालचालही सुधारते, असं त्यात दिसलं. पण इतर व्यायामांपेक्षा ते वरचढ आहे असं ठामपणे दिसलं नाही. याचा अर्थ आपल्यासाठी निराशेचा नाही, उलट सोयीचा आहे. योगासनं जमत असतील तर योगासनं करा. चालणं जमत असेल तर चाला. हळू, शिकून, नेमाने केलेला व्यायाम ही खरी गोष्ट, नाव दुय्यम. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दुखणं समजावून सांगणं आणि आखीव व्यायाम हे सुचवले आहेत. कंबरपट्टे आणि वजन लावून ताण देणं हे नेहमीचे उपाय म्हणून नकोत असं म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र नेमकं उलटं चालतं. पट्टा दुकानात टांगलेला असतो, व्यायाम शिकवणारा माणूस तालुक्यातही सापडत नाही.

मग मी पिलाटीजच का धरून बसले? एक कारण वाघ.

हसू नका. शहरातला डॉक्टर सहज सांगतो, पहाटे पाऊण तास फिरून या. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, नागभीड या पट्ट्यात पहाटे कोण फिरणार? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. कितीतरी गावांत आता उजाडल्याशिवाय बाई परसाकडेही एकटी जात नाही. तिला मॉर्निंग वॉक सांगणं ही थट्टा आहे. पण घरात, दार लावून, सतरंजीवर पंधरा मिनिटं? ते होतं. यंत्र लागत नाही, बूट लागत नाही, लोक बघतील ही लाजही नाही. नऊवारीत, पाचवारीत, गाऊनमध्ये, कशातही होतं.

काय करायचं ते थोडक्यात सांगते, पण हे वाचून शिकू नका, एकदा कोणाकडून तरी करून घ्या. पाठीवर निजायचं, गुडघे वर, पावलं जमिनीला. नाकाने श्वास घेऊन बरगड्या बाजूंना फुगवायच्या, तोंडाने सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत घ्यायचा, लघवी रोखल्यासारखा खालचा तळ वर. जोर लावायचा नाही. बोलता आलं पाहिजे इतकाच ताण. तो ताबा ठेवून कंबर थोडी जमिनीला टेकवायची, थोडी सोडायची. मग एक टाच सरकवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. मग कूस वळवून वरचा गुडघा उघडायचा-मिटायचा. आठवडा-पंधरा दिवसांनी बैठक उचलून पूल करायचा. त्यानंतर चार पायांवर, म्हणजे घर सारवताना बसतो तसं, येऊन एक हात आणि उलटा पाय लांब करायचा. प्रत्येक गोष्ट पाच-सहा वेळा. करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या सकाळपर्यंत ते जागेवर आलं पाहिजे. नाही आलं तर निम्मं करायचं, बंद नाही. आणि सहा-आठ आठवडे होईपर्यंत गुण आला की नाही हे विचारायचं नाही. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या बायांनी पुढे गुंडाळून उठण्याचे प्रकार करू नयेत. गरोदर बाई, नुकतं ऑपरेशन झालेलं माणूस, यांनी आधी विचारावं.

"दुखते तर हालू कायले?" हा पुढचा प्रश्न. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं वेगळं वागतं. शेतात राखणीला कुत्रं ठेवतो आपण. रानडुकरांचा कळप एकदा येऊन गेला की पुढचे कित्येक दिवस ते पान हललं तरी भुंकतं. डुक्कर नसतं, भुंकणं खरं असतं. जुनं दुखणं असंच. जखम कधीच भरलेली असते, पण मज्जासंस्था घाबरलेली राहते. दुखणं खोटं नाही, नाटक नाही, "बाईच्या मनाचे खेळ" तर मुळीच नाही. त्या कुत्र्याला मारून उपयोग नसतो. रोज त्याच वाटेने, हळू, काही न होता जाऊन दाखवावं लागतं की इथे धोका नाही. हे व्यायाम म्हणजे तेच जाऊन दाखवणं.

आपल्याकडे त्या कुत्र्याला दर आठवड्याला गुंगीचं औषध दिलं जातं, आणि त्याचं नाव सुई. रोवणीच्या हंगामात गावोगाव पहा. झोलाछाप असो की डिग्रीवाला, "सुई मारून द्या ना जी, उद्या कामावर जा लागते" म्हटलं की दिली सुई. मी त्या बाईला दोष देत नाही. एक दिवसाची मजुरी बुडाली तर घरात काय होतं हे तिला माहीत असतं. पण बहुतेक सुया डायक्लोफिनॅकच्या. हेच औषध जनावरांना दिल्यामुळे देशातली गिधाडं मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी किती खटपट केली हे आपण पाहिलं आहे. माणसाचं शरीर गिधाडाचं नाही, एखाद्या सुईने काही होत नाही. पण महिनोन्‌महिने घेतलं, तेही चंद्रपूरच्या उन्हात पाणी कमी पिऊन राबताना, तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर बेततं. डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला जाऊन विचारा की गोळ्या किती वर्षं खाल्ल्या.

एक गोष्ट इथे थांबून सांगणं भाग आहे. सगळंच दुखणं व्यायामाने पाहायचं नसतं. पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आणि इतर गोष्टी तपासल्याच पाहिजेत. आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खास: तरुण मुला-मुलीचं खुबा, हाडं, पाठ वारंवार दुखत असेल तर आधी सिकलसेलची तपासणी. सिकलसेलमध्ये हाडाचा रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरू शकतं. अशा पोराला "काम टाळते" म्हणणारे मास्तर मी पाहिले आहेत.

इथवर घरचं झालं. आता सरकारचं.

कंबरदुखी हा आपल्या भागाचा मोठा प्रश्न आहे हे कोणाला नव्याने शोधायचं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'सर्च'ने मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज यांच्यासोबत गडचिरोलीच्या गावांत याचा अभ्यास केला, तो आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २०२१ साली आला. पाठदुखी-अंगदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि खेडी अजून उत्तराची वाट पाहत आहेत, हा त्याचा सूर. शोधग्रामच्या दवाखान्यात मुंबईचे सर्जन येऊन ऑपरेशनं करतात. मोठं काम आहे. पण शंभर कंबरांपैकी ऑपरेशन लागतं ते मोजक्यांना. बाकीच्यांचं काय? महात्मा फुले जनआरोग्य योजना दवाखान्यात भरती झालात तर खर्च उचलते. तीन महिने आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवायला कोणी पैसे देत नाही. म्हणजे कंबर पार मोडली की योजना आहे, मोडू नये म्हणून नाही.

कोणी म्हणेल, आपल्याच जिल्ह्यात बाबा आमटे होऊन गेले. मणक्याच्या आजाराने त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. तशाच अवस्थेत सत्तरी ओलांडलेल्या माणसाने १९८५ साली कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. खरं आहे, आणि मान झुकते. पण बाबांचं उदाहरण देऊन रोवणीच्या बाईला "सहन कर" सांगणाऱ्यांची मला चीड येते. बाबांना निजून प्रवास करायला गाडी होती, भोवती माणसं होती. या बाईला दुसऱ्या दिवशी बांधीत उतरायचं असतं.

मागणी अवाच्या सवा नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम फिजिओथेरपिस्ट हवा, आणि त्याने महिन्यातून ठरलेल्या वारी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावं, बाजाराच्या दिवशी. आयुष्मान आरोग्य मंदिरात योगाची सत्रं घ्यायची तरतूद आहेच. त्यातलं एक सत्र कंबरेचं करा. समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांना सहा हालचाली आणि धोक्याच्या खुणा शिकवायला दोन दिवस पुरतात. फक्त ते नागपुरी पुस्तकी मराठीत शिकवू नका. भामरागड-एटापल्लीत माडिया-गोंडी लागेल, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, झाडीपट्टीत झाडीबोली. "ओटीपोटाचे स्नायू आकुंचित करा" म्हटलं तर वडसा-आरमोरीची बाई तोंडाकडे बघत राहील. "कासोटा मारल्यावानी पोट आत घे" म्हटलं तर लगेच करेल.

पैसा नाही असं सांगू नका. चंद्रपुरात कोळसा, सिमेंट, वीज आहे, गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत आरोग्य हा प्राधान्याचा विषय आहे. इमारती बांधून झाल्या, शेड बांधून झाले. त्यातून तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट का नेमता येत नाही? खाणीतल्या डंपरवर आणि लोखंड वाहणाऱ्या ट्रकवर पाठ हादरवून घेणारी पोरंही याच जिल्ह्यांची आहेत, त्यांची कंबर पस्तिशीत जाते. पेसा गावांना पाच टक्के अबंध निधी मिळतो, तो आरोग्यावर खर्च करायची मुभा आहे. तेंदू आणि बांबू स्वतः विकणाऱ्या ग्रामसभा आपल्याकडे आहेत, त्यांचा हिशेब पुष्कळ सरकारी कचेऱ्यांपेक्षा स्वच्छ असतो. रोवणीच्या आधी, जूनमध्ये, अशा एका ग्रामसभेने पंधरा दिवसांचा कंबरवर्ग घेऊन पाहावा. बचत गटाच्या बैठकीला बाया जमतातच, त्याआधी वीस मिनिटं.

आणि शेतमालकांनो, तुम्हालाही एक. ठेका एकराचा ठेवा, पण दर तासाला पाच मिनिटं सगळ्या गटाने एकदम धुऱ्यावर यायचं, पाणी प्यायचं, हात कमरेवर ठेवून पाचदा मागे वाकायचं. ओळ मोडत नाही, कारण सगळ्याच थांबतात. आमच्या गावात दोन शेतकऱ्यांनी गेल्या हंगामात हे केलं. रोवणी त्याच दिवशी संपली.

आता तुमच्याकडून एक मदत हवी आहे. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे का, असल्यास कोणत्या वारी बसतो, यंत्रावर शेकून पाठवतो की व्यायाम शिकवतो, एवढं मला लिहून कळवा. दोन्ही जिल्ह्यांचे मिळून सत्तावीस तालुके आहेत. यादी पूर्ण झाली की दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहे, आणि पोचपावती इथेच टाकेन.